बेसण्याला येणारे डॉक्टर

ज्याच्या हाती अमृताचा कलश आहे आणि तरीही ज्याने माणसाला मर्त्यच राहू दिले, त्या श्रीधन्वंतरीच्या चरणी प्रथम मस्तक ठेवतो. आज आश्विन वद्य त्रयोदशी, त्या देवतेच्या प्राकट्याचा दिवस. येथील मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी आपल्यातल्या एखाद्या दिवंगताचे स्मरण लिहून द्यावे, अशी संपादकांची आज्ञा झाली. या तिथीला बसून लिहावयाचे तर ज्यांच्याविषयी लिहावे असे एकच गृहस्थ माझ्या मनात येतात. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. आपल्या नावाची पाटीसुद्धा त्यांनी दारावर कधी लावली नव्हती. बडोद्यात त्यांना सारे जण ‘बेसण्याचे डॉक्टर’ म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत.

बेसणे ही मूळची गुजराती रीत. वर्तमानपत्रात स्थळ आणि वेळ छापून येते. लोक शुभ्र वस्त्रांत येतात, तसबिरीपुढे फूल वाहतात, थोडा वेळ मुकाट्याने बसतात आणि हात जोडून उठतात. आमच्या मराठी घरांनी ती रीत केव्हाच आपलीशी केली आहे. डॉक्टरसाहेब सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्राचे तेच पान प्रथम उघडत. दिवंगताच्या तसबिरीतले केस काळे दिसले, की त्या दिवशी ते बेसण्याला जात. घर ओळखीचे असो वा नसो. शेवटच्या रांगेत भिंतीलगत बसत, आणि सभागृह रिकामे होऊ लागले म्हणजे उठून घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीपाशी जात. ती खुर्चीवर असेल तर स्वतः खाली सतरंजीवर बसत आणि हळू आवाजात विचारत, “आजी, आपल्याकडे असं आधी कोणी गेलं होतं का?”

“असं म्हणजे?”

“म्हणजे अचानक. वय झालेलं नसताना.”

काही स्त्रिया रडू लागत. काही जणी, कोणी तरी विचारायचीच वाट पाहत असल्यासारख्या, सांगू लागत. अनेकदा घरातला एखादा तरुण त्यांचे कोपर धरून त्यांना दाराशी नेऊन सोडी. ते रागावत नसत. पादत्राणे घालत आणि निघत. ऐकलेले त्यांनी कधी जागेवर टिपून घेतले नाही. शोकाच्या घरी लेखणी बाहेर काढणे त्यांना अशिष्ट वाटे.

त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही काकू म्हणत असू, त्या मोठ्या मार्मिक बोलत. “लग्नाच्या पंगतीला ह्यांना हाताला धरून न्यावं लागतं,” त्या मला म्हणाल्या होत्या, “बेसण्याला मात्र स्कूटर स्वतः पुसून तयार.”

माझा आणि त्यांचा परिचय कारेलीबागेतल्या एका सभागृहाबाहेर झाला. मी पौरोहित्य करणारा माणूस. आत बेसणे आटोपून मी आपल्या वहाणा शोधत होतो. ते शेजारी येऊन उभे राहिले आणि कोणतीही प्रस्तावना न करता म्हणाले, “गुरुजी, तुम्ही घरोघर तीन पिढ्यांची नावं घेता. वयं का घेत नाही?”

मी म्हटले, “श्राद्धात वय नसतं, डॉक्टरसाहेब. पिता वसुरूप होतो, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप.”

“आदित्य होण्याच्या आधी ते किती वर्षांचे होते, एवढंच मला हवं आहे.”

असा प्रश्न मला कोणी केला नव्हता. मी वहाणा हातात धरून तसाच उभा राहिलो, हे त्यांना फार आवडले असावे. त्या दिवसापासून ते माझ्या घरी येऊ लागले.

त्यांनी आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन शिकवले होते. निवृत्तीनंतर सयाजीगंजात, स्थानकाच्या बाजूला, त्यांनी दोन खोल्यांची एक लहानशी प्रयोगशाळा चालवली. नव्वदच्या दशकात बडोदे झपाट्याने बदलत होते. चकचकीत तपासणी केंद्रे उघडत होती. कुटुंबासाठी सवलतीत ‘हार्ट चेकअप’ मिळत होते. तेलाच्या डब्यांवर लाल हृदयाचे चित्र आले होते, आणि आमच्या सोसायटीतल्या गृहिणी कोलेस्टेरॉल हा शब्द हळद-मिठासारखा वापरू लागल्या होत्या. डॉक्टरसाहेबांना याचे वाईट वाटत नसे. ते एवढेच म्हणत, “रिपोर्टाला जे विचारलं नाही, त्याचं उत्तर त्यात नसतं.”

त्यांना रिपोर्टाला जे विचारावयाचे होते, त्याचे नाव लायपोप्रोटीन-ए. पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते नाव माझ्या जिभेवर बसेना. तेव्हा त्यांनी भिंतीवरल्या माझ्या पणजोबांच्या तसबिरीकडे बोट केले. पणजोबांच्या डोक्यावर दरबारी पगडी आहे.

“समजा, गुरुजी, रक्तात स्निग्ध पदार्थ वाहून नेणारे भोई आहेत. सगळ्यांच्या डोक्यावर फेटे. त्यातल्या काहींच्या फेट्याचा शेमला मागे सुटलेला. असा भोई गर्दीतून चालला की शेमला कडीला अडकतो, खिळ्याला अडकतो. तिथे तो थांबतो, त्याच्यामागे दुसरा थांबतो, आणि वाट बंद होते. नेहमीची तपासणी भोई मोजते. शेमले मोजत नाही.”

“आणि हे शेमल्याचे भोई कुणाकडे जास्त असतात?”

“ज्याच्या बापाकडे किंवा आईकडे जास्त होते, त्याच्याकडे. सगळ्याच मुलांना मिळतात असं नाही. पण ज्याला मिळाले त्याला लहानपणापासून मिळाले. तूप सोडून ते जात नाहीत, चालून जात नाहीत, एकादशी करूनही जात नाहीत.”

ही तपासणी तेव्हा बडोद्यात होत नसे. ते स्वतः रक्त काढत, त्यातला निवळ भाग वेगळा करून बर्फाच्या थर्मासात ठेवत आणि मुंबईला जाणाऱ्या कोणा विश्वासू माणसाबरोबर गाडीने पाठवत. तो थर्मास चहाचाच होता, निळ्या फुलांचा. काकूंच्या भावाने एकदा पाहुणा म्हणून आल्यावर आपल्या हाताने चहा ओतून घ्यावा म्हणून तो उघडला होता. त्यानंतर त्या गृहस्थांनी त्या घरी पुन्हा चहा घेतला नाही.

हे सारे वाचताना त्यांचे वेड निरुपद्रवी वाटेल. तसे ते नेहमीच नव्हते. मांडवीजवळच्या एका घरी साखरपुड्याच्या बैठकीला आम्ही दोघे होतो. पत्रिका मी जुळवली होती. गोत्र, नाडी, गुण, सारे यथास्थित होते. पेढे फिरत असताना डॉक्टरसाहेबांनी वराच्या वडिलांना शांतपणे विचारले, “आपले थोरले काका कितव्या वर्षी गेले?”  वधूच्या मामाने त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, “यांना कुणी बोलावलं? शुभकार्य आहे ने इथे.” पुढे बरीच वर्षे त्यांना मंगलकार्याचे निमंत्रण येत नसे. काकू एकट्या जात आणि त्यांच्यासाठी पत्रावळीतला लाडू रुमालात बांधून आणत.

मी त्यांना त्या दिवशी परत येताना म्हटले, “प्रश्न बरोबर असेल. वेळ बरोबर नव्हती.”

“वेळ मी बेसण्याला निवडतो, तर लोक म्हणतात, आता काय उपयोग. साखरपुड्याला निवडली, तर म्हणतात, आताच कशाला. मधली वेळ तुम्ही सांगा, गुरुजी. मी तेव्हा येईन.”

 आमचे मतभेदही होते. शोकाकुल घरी मी अनायास मरणाविषयी बोलत असे. कोणाकडून सेवा न घेता, देहाची विटंबना न होता जीव सुटणे, हे शास्त्राने भाग्य मानले आहे. डॉक्टरसाहेबांना ते मान्य होते, पण वयाच्या अटीवर. ते म्हणत, “ऐंशीव्या वर्षी अनायास, हो. शेहेचाळिसाव्या वर्षी अनायास कसं? मागे राहिलेल्या बाईला पुढे तीस वर्षं किती आयास पडले, ते विचारा.” मी म्हणे, “माझे शब्द त्या बाईसाठीच असतात. तिला रात्र काढायची असते.”  यावर ते म्हणत, “तुमचे शब्द तिच्यासाठी. माझा प्रश्न तिच्या मुलासाठी.” दोघेही आपापल्या जागी राहिलो. आजही मला वाटते की दोघांचीही त्या घरात गरज होती.

अशा एका घराची हकीकत मला विस्ताराने सांगावयाची आहे.

ते माझे पिढीजात यजमान. घराण्यातले मूळ पुरुष संस्थानच्या सेवेत आलेले, नंतरचे शिक्षणखात्यात आणि बँकेत. घरच्या वडीलधाऱ्या माई. त्यांना दोन मुलगे. थोरला बँकेत अधिकारी, त्याला अपत्य नव्हते. धाकटा श्रीधर शहराबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात अभियंता. श्रीधरला पत्नी आणि एक मुलगी. घरात कमालीची शिस्त. तंबाखू नाही, सुपारी नाही, तळण फक्त सणाला. आणि या घराला एक अभिमान होता, जो मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्याकडचे पुरुष कधी अंथरुणाला खिळत नाहीत, असे ते सांगत. माईंचे सासरे पूजा आटोपून देवघरातच गेले. त्यांचे वडील वाड्यावरून घरी आले, पगडी खुंटीला लावली, पाणी मागितले आणि पाणी येण्यापूर्वी गेले. माईंचे यजमान वर्गात फळ्यावर लिहिताना गेले. पुण्यवान घराणे, असे सारे आळीतले लोक म्हणत. मीही तसेच ऐकत वाढलो.

मग थोरला गेला. सकाळी दाढी करताना, आरशासमोर.

बेसणे कारेलीबागेतच होते. डॉक्टरसाहेब आले, भिंतीलगत बसले, आणि गर्दी ओसरल्यावर माईंपाशी जाऊन सतरंजीवर बसले. माई ताठ बसल्या होत्या.

“माई, असं आधी कोणी गेलं होतं?”

“आमच्याकडे सगळे असेच जातात,” माई म्हणाल्या. “कुणाला त्रास न देता.”

“किती वर्षांचे असताना?”

माईंनी त्यांच्याकडे पाहिले. “तुम्हीच का ते? बेसण्याला येणारे?”

“हो. मीच.”

“मग ऐका. माझा मुलगा चार दिवसांपूर्वी गेला आहे. माझ्या घरात तेलाची बुधली महिनाभर पुरते. माझ्या मुलांना मी काय खायला घातलं, त्याची झडती द्यायला मी बसलेली नाही.”

“आपण घातलेल्या अन्नाविषयी मी विचारत नाही. आपण न देताही जे आलं, त्याविषयी विचारतो आहे.”

“निघा,” माई म्हणाल्या.

श्रीधर पुढे झाला. तो सभ्य मुलगा. त्याने कोपर धरले नाही. दाराशी येऊन म्हणाला, “डॉक्टर, दादा गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी सगळं तपासून घेतलं आहे. कोलेस्टेरॉल नॉर्मल, शुगर नॉर्मल, कार्डिओग्राम नॉर्मल. कंपनीच्या डॉक्टरांनी पाठ थोपटली माझी.”

“तुमच्या दादाचाही रिपोर्ट नॉर्मल असेल.”

दादाचा रिपोर्टही नॉर्मलच होता. श्रीधर आत वळला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब माझ्याकडे आले. “बाराव्याला सपिंडी तुम्हीच करणार?” त्यांनी विचारले. मी होकार दिला. “मला तिथे बसू द्याल?” मी म्हटले, घर माझे नाही, विचारतो. माईंना विचारले.  त्या म्हणाल्या, “गेलेल्याच्या कार्यातून माणूस उठवू नये. येऊ देत. पण तोंड उघडायचं नाही म्हणावं.”

ते आले आणि त्यांनी तोंड उघडले नाही.

सपिंडीकरणाचा विधी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नुकत्याच गेलेल्या जीवाचा भाताचा लांबट पिंड करतात. पुढ्यात त्याच्या पित्याचा, आज्याचा आणि पणज्याचा असे तीन गोल पिंड मांडतात. मग त्या लांबट पिंडाचे दर्भाने तीन भाग करून एकेक भाग एकेका पूर्वजाच्या पिंडात मिसळून टाकतात. त्या क्षणापासून तो जीव एकटा राहत नाही, पितरांच्या पंक्तीत जातो. थोरल्याला मूल नसल्यामुळे हे श्रीधरला करावे लागत होते. माई आतल्या उंबऱ्यापाशी पाटावर बसल्या होत्या. डॉक्टरसाहेब ओटीच्या टोकाला, हात मांडीवर ठेवून.

मी श्रीधरकडून पहिला भाग त्याच्या वडिलांच्या पिंडात मिसळवला आणि नाव उच्चारले. आतून माईंचा आवाज आला, अगदी हलका. “सत्तेचाळीस.”

मला वाटले, त्या काही मागत आहेत. मी थांबलो. त्यांनी मानेने चालू ठेवा अशी खूण केली. दुसरा भाग आज्याच्या पिंडात गेला. नाव झाले. “पन्नाशीला आले होते,” माई म्हणाल्या. तिसरा भाग पणज्याच्या पिंडात गेला. माईंनी त्यांना पाहिलेले नव्हते. “सासूबाई सांगायच्या, डोक्यावर एक पांढरा केस नव्हता.”

 श्रीधरचे हात भाताने माखलेले होते, आणि त्याचे स्वतःचे वय त्या साली पंचेचाळीस होते. तिन्ही पिंड आता सारखेच दिसत होते. मी उरलेला विधी पूर्ण केला. पाने मांडायची वेळ झाली तेव्हा माई पाटावरून उठल्या, ओटीवर आल्या आणि डॉक्टरसाहेबांसमोर उभ्या राहिल्या.

“आता बोला,” त्या म्हणाल्या.

श्रीधरचे रक्त त्याच निळ्या फुलांच्या थर्मासातून मुंबईला गेले. उत्तर आले ते डॉक्टरसाहेबांनी त्याला आपल्या घरी बोलावून सांगितले, आणि श्रीधरने मला सोबत यायची विनंती केली म्हणून मी तिथे होतो. ते प्रमाण सर्वसाधारण माणसाच्या कित्येक पट होते. श्रीधर अभियंता. त्याने कागद दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न योग्य तोच विचारला.

“यावर औषध काय?”

“याच्यावर आज नाही.”

“नाही म्हणजे? परदेशात?”

“तिथेही नाही. पुढे निघेल. आज नाही.”

श्रीधर उठून खिडकीपाशी गेला. खाली रिक्षांचा गलका चालला होता. “मग मला सांगितलंत कशाला?” तो म्हणाला. “गेल्या महिन्यापर्यंत मी बरा माणूस होतो. आज तुम्ही मला माझ्या मरणाची चिठ्ठी हातात देता आणि म्हणता, औषध नाही. दादाला हे माहीत नव्हतं. तो निदान शांत झोपत होता.”

काकू आतून पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

डॉक्टरसाहेब म्हणाले, “ही मरणाची चिठ्ठी नाही. एक दार वाऱ्याने उघडतं, ते बंद करता येत नाही. घरातली बाकीची दारं करता येतात. तुमचा रक्तदाब जराही वाढू द्यायचा नाही. साधं कोलेस्टेरॉल इतरांना चालतं त्याहून खाली ठेवायचं, त्याला गोळ्या आहेत. वर्षातून एकदा हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं.”

“आणि?”

“आणि छातीत दुखलं, जबडा दुखला, हात जड झाला, तर ओवा चघळायचा नाही. सोडा प्यायचा नाही. थेट इस्पितळात जायचं. पोटाचं निघालं तर तिथले डॉक्टर हसून घरी पाठवतील. त्यांना हसू द्यायचं. तुमच्या घरातल्या चार पुरुषांपैकी एकालाही कुणी हसलं नाही.”

श्रीधर नमस्कार न करता गेला. जवळजवळ वर्षभर तो डॉक्टरसाहेबांशी बोलला नाही. रस्त्यात दिसले तर स्कूटर वळवी. शहरातल्या एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्याला सांगितले होते की ही तपासणी संशोधनापुरती आहे, सामान्य माणसाने तिच्या नादी लागू नये. हे डॉक्टरसाहेबांच्या कानी आले. ते म्हणाले, “त्यांच्या पुस्तकात ते एका ओळीत आहे. माझ्याही पुस्तकात एकाच ओळीत होतं.” एवढेच. पण श्रीधर गोळ्या घेतो का, हे मात्र ते मला दर भेटीत विचारत. मी माईंना विचारी. माई म्हणत, “मी समोर उभी राहून देते. रागावतो, पण गिळतो.”

अशी काही वर्षे गेली.

शारदीय नवरात्रातली अष्टमी होती. माईंच्या घरी सप्तशतीचा पाठ माझ्याकडे असे. सकाळची वेळ, देवघरात धूप, आणि मी मधल्या अध्यायात होतो. बाहेर श्रीधरचा आवाज आला, “जरा अस्वस्थ वाटतंय. घाम येतोय.” त्याच्या पत्नीने म्हटले, “उपासाला काल साबुदाणा आणि दाणे दोन्ही खाल्लेत. गॅस झालाय. हिंग लावून कोमट पाणी देते.” शेजारच्या गुजराती बाई आरतीला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “अरे, अमारा एमने पण उपवासमां रोज थाय छे. सोडा आपो.” म्हणजे त्यांच्या यजमानांनाही उपासात रोज असेच होई, सोडा द्यावा. सारे अगदी स्वाभाविक होते. बडोद्यातल्या कोणत्याही घरी, कोणत्याही अष्टमीला हेच झाले असते.

मग माईंचा आवाज ऐकला. “जबडा दुखतोय का?”

 “थोडासा,” श्रीधर म्हणाला. “दाढेचं असेल, आई.”

“रिक्षा बोलवा.”

“आई, पोटाचंच आहे. आरती होऊ दे. मग स्कूटरने दाखवून येतो.”

“स्कूटरला हात लावायचा नाही. पोटाचं असेल तर ते हसतील. हसू देत. रिक्षा बोलवा.”

अध्याय मध्येच सोडू नये असा नियम आहे. माझा स्वर अडखळला असावा, कारण माई देवघराच्या दारात आल्या. सत्तरीच्या पुढचा देह, चष्मा डोक्यावर सरकलेला. त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही उठू नका. तुमचं काम तुम्ही करा. आमचं आम्ही करतो.” रिक्षा फाटकाशी वाजली. मी पाठ चालू ठेवला. आयुष्यात इतका एकाग्र पाठ माझ्याकडून त्याआधी झाला नव्हता, आणि इतका भयभीतही.

इस्पितळात त्याला कोणी हसले नाही. हृदयाच्या मोठ्या धमनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवणारे इंजेक्शन वेळेत देता आले. तासाभराने आला असता तर सांगता आले नसते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. सायंकाळी डॉक्टरसाहेब आले. काचेच्या दाराबाहेर उभे राहून त्यांनी आत पाहिले. बाकावर माई बसल्या होत्या. ते त्यांच्याशेजारी बसले. या वेळी खाली नव्हे, बाकावरच. 

“मी तुम्हाला घरातून घालवलं होतं,” माई म्हणाल्या.

“मला बऱ्याच घरांतून घालवतात, माई.”

“पुन्हा जाता का मग सगळीकडे?”

“नाही. थोड्या घरांत येऊ देतात.”

श्रीधर घरी आल्यावर प्रथम ज्यांना भेटायला गेला, ते डॉक्टरसाहेब. त्याने क्षमा वगैरे मागितली नाही, त्यांना ती नकोच होती. सोबत मुलीला घेऊन गेला होता, ती तेव्हा महाविद्यालयात होती. “हिचंही बघा,” तो म्हणाला. तिच्याकडेही तो वारसा आला होता. तिने कागद वाचून वडिलांना नव्हे, डॉक्टरसाहेबांनाच विचारले, “म्हणजे मी बाबांसारखी आहे?” ते म्हणाले, “बाबांपेक्षा बरी. तुला विसाव्या वर्षी कळलं.” पुढे तिचे लग्न ठरले तेव्हा ही गोष्ट तिने स्वतः त्या मुलाला सांगितली, आणि मग पत्रिका माझ्याकडे आल्या.

डॉक्टरसाहेब मात्र बरेच महिने अंथरुणाला खिळून गेले. मूत्रपिंडे थकली होती. काकूंनी सेवा केली, श्रीधर आणि त्याच्या पत्नीने हातभार लावला. त्यांच्या बेसण्याला सभागृह भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. त्यांत अशी अनेक घरे मी पाहिली, जिथून त्यांना कोपर धरून बाहेर काढले गेले होते. काकू तसबिरीशेजारी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “गुरुजी, शहरातलं एवढंच एक बेसणं ह्यांनी चुकवलं.”

त्यानंतर श्रीधरला साठावे वर्ष लागले आणि त्याने उग्ररथ शांती करायची ठरवली. ही शांती घरोघर होते. माझ्या पोथीत तिचा विधी आहे, परंतु प्रत्येक घराण्याचा म्हणून काही कुलाचार असतो. कोणाकडे वयाइतके दिवे लावतात, कोणाकडे आधी कुलदेवतेचा गोंधळ असतो, कोणाकडे यजमानाला अमुकच वस्त्र देतात. विधीपूर्वी ते विचारून घेणे हे पुरोहिताचे काम. संकल्पापूर्वी मी माईंना विचारले, “आपल्याकडे साठीशांतीची रीत कशी आहे?”

माईंना आता ऐकू कमी येत असे. सुनेने प्रश्न त्यांच्या कानाशी पुन्हा सांगितला. त्या विचार करू लागल्या. सासूबाईंनी काय सांगितले होते, तेही त्यांनी आठवून पाहिले असावे. मग म्हणाल्या, “ठाऊक नाही, गुरुजी. आमच्याकडे ती कधी झालेलीच नाही. कुणी तिथवर आलंच नाही.”

घरात नातेवाईक भरलेले होते.  आठ-दहा पिढ्यांचे घराणे, श्रावणीपासून सीमंतापर्यंत प्रत्येक गोष्टीची ज्याला स्वतःची रीत, त्याच्याकडे या एका संस्काराची रीत नव्हती.

“मग पोथीप्रमाणे करू,” मी म्हटले.

होम झाला, अभिषेक झाला. श्रीधर नवे वस्त्र नेसून पाटावर बसला. औक्षणाची वेळ आली. सुवासिनी पुढे सरसावल्या, तबकात दिवे लावले गेले. तेवढ्यात माई भिंतीला धरून उठल्या आणि त्यांनी तबकासाठी हात पुढे केला. एका नात्यातल्या बाईंनी हळूच म्हटले, “माई, तुम्ही नाही ओवाळायचं. रीत नाही.”

माई त्यांच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत म्हणाल्या, “गुरुजी, आत्ताच मी सांगितलं ना तुम्हाला. आमच्याकडे याची रीतच नाही. मग मी ओवाळलं तर कोणती रीत मोडेल?”

मी व्याकरण शिकलो, धर्मशास्त्राची पारायणे केली, पण या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ग्रंथात शोधावे असे मला वाटले नाही. मी तबक उचलले, दिव्यांच्या वाती सारख्या केल्या आणि ते त्यांच्या हातात दिले. तबक जड होते, म्हणून श्रीधरच्या मुलीने खालून तबकाला आधार दिला. माईंनी आपल्या साठ वर्षांच्या मुलाला ओवाळले. आता त्या घरात साठीशांतीची रीत आहे. प्रथम आई ओवाळते.

वाचकहो, श्रीधन्वंतरी आपणांस आणि आपल्या कुटुंबास निरामय दीर्घायुष्य देवो. आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांची स्मृती तीक्ष्ण राहो, आणि त्यांना विचारणारे कोणी आपल्या घरी असो. आपल्या पितरांना तृप्ती लाभो, आपल्या मुलामुलींना पांढरे केस लाभोत. इति शुभम्.